थोडं गार लागेल

चष्म्याचं नाकावर टेकणारं रबर निघून पडलं, एवढंच निमित्त. सकाळी प्रयोगशाळेत वाकून पारा वाचत होते तेव्हा ते टपकन खाली गेलं आणि फरशीच्या रंगात मिसळून गेलं. मग दिवसभर मी एका बाजूने कललेल्या चष्म्यातून जग पाहत राहिले. टेबलं, दारं, माणसं, सगळी किंचित डावीकडे ओघळल्यासारखी. संध्याकाळी घरी जाताना कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेले. त्याने चष्मा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "दोन्ही बाजूंचं बदलतो. एक नवं, एक जुनं असलं की नाक कुरकुर करतं." मग स्क्रू पाहून त्याने तोंड वाकडं केलं. स्क्रू गंजला होता. त्यावर तेलाचा थेंब सोडून तो म्हणाला, "तेल मुरायला हवं. तोवर या बाबांचा नंबर काढून घेतो, ते तुमच्या आधीपासून बसलेत. दुसरा चष्मा आहे ना जवळ?" दुसरा चष्मा नेहमी पर्समध्ये असतो. आज पर्स बदलली होती. तसं सांगितल्यावर तो म्हणाला, "मग तुम्ही काही पळून जात नाही," आणि माझा चष्मा काउंटरपलीकडच्या ट्रेमध्ये ठेवून आत वळला.

माझा नंबर असा आहे की हात लांब केला तर बोटं पुसट होतात आणि त्यापलीकडे फक्त रंग उरतात. लहानपणापासून मला हे ठाऊक आहे आणि त्याची कधी भीती वाटली नव्हती. उलट रात्री चष्मा काढल्यावर घर मऊ व्हायचं, ते आवडायचं. आता आवडत नाही. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर मी चष्मा लावूनच झोपते. झोप लागल्यावर नवरा तो हलकेच काढून माझ्या उशीशी ठेवतो, आणि जाग आली की पहिल्यांदा माझा हात तिकडे जातो. दुकानात त्या वेळी माझ्यापुढे पांढऱ्या उजेडाचे उभे पट्टे होते, ती बहुधा फ्रेमांची कपाटं. एका तपकिरी ढिगाऱ्यापुढे चष्मेवाल्याचा निळा शर्ट हलत होता. तो ढिगारा म्हणजे खुर्चीत बसलेले बाबा. त्यांच्या शेजारी फिकट हिरव्या रंगाचं कुणीतरी उभं होतं. मी काउंटरची कड धरली. काच गुळगुळीत आणि खरी होती. मी स्वतःला सांगितलं की थोडा वेळ बसायचं आहे, इतकंच. तेवढ्यात त्या हिरव्या रंगातून आवाज आला.

"थोडं गार लागेल हं, बाबा."

माझा उजवा हात मिटला. मी तो मिटला नव्हता. बोटं आपणहून तळव्यात वळली आणि घट्ट झाली, जणू आत कुणाचा तरी हात होता. मी मिटलेल्या मुठीकडे पाहत राहिले. ती माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होती, म्हणून तेवढी नीट दिसत होती.

"गार लागलं तर कळेल की मला," म्हातारा आवाज म्हणाला. "आधीच कशाला घाबरवतेस?"

"नंबर काढायची लोखंडाची फ्रेम आहे ना, म्हणून सांगितलं. सवय आहे हो."

"घरीसुद्धा हेच," ते चष्मेवाल्याकडे तक्रार करू लागले. "आता दिवा लावते, बाबा. आता खिडकी बंद करते, बाबा. अगं, दिसतंय मला."

"दिसत असतं तर इथे कशाला आला असता?"

"लांबचं दिसत नाही. खिडकी जवळ आहे."

हिरवा रंग हसला. ते हसणं मला ओळखीचं नव्हतं. आवाज मी कुठेही ओळखला असता. त्या आवाजामागचा चेहरा मात्र मी कधी नीट पाहिला नव्हता. 

आज अमुक वार आहे, काकू. तुम्ही हॉस्पिटलात आहात. तुमच्या घशात नळी आहे, म्हणून बोलता येत नाही. आवाज गेलेला नाही. आता मी तुमचं तोंड पुसते. थोडं गार लागेल हं. आता कूस बदलते. आता हात धरते, दाबून दाखवा. रोज सकाळी हा आवाज यायचा आणि रोज सकाळी मला त्याचा संताप यायचा. एक म्हणजे 'काकू' मला कुणी म्हणत नाही. प्रयोगशाळेत मी मॅडम आहे आणि भाच्यांची मावशी. पण मुख्य म्हणजे त्या आवाजाबरोबर जाग येत असे. आणि जाग म्हणजे बर्फ.

हे नीट सांगायला हवं. माझं काम तापमापकांची तपासणी करण्याचं. कारखान्यांतून, दवाखान्यांतून, गोदामांतून तापमापक आमच्याकडे येतात आणि ते खरं बोलतात की नाही ते आम्ही पाहतो. शून्य तपासायचं तर कुटलेल्या बर्फात, बर्फाचंच थोडं पाणी घालून, तापमापक उभा रोवायचा आणि थांबायचं. तो स्थिर झाला की डोळा बरोबर पाऱ्याच्या रेषेत आणून वाचायचं. हात लावायचा नाही, वर काढायचा नाही. आयुष्यभर मी हे करत आले, आणि न्यूमोनियाने श्वास संपत आल्यावर मला गुंगी देऊन श्वासाच्या यंत्रावर ठेवलं, तेव्हा माझ्या मेंदूने काय केलं असेल, तर मलाच त्या बर्फात रोवलं. गळ्यापर्यंत. भोवती पुसट, उंच माणसं येऊन वाकून मला वाचत आणि निघून जात. मला बाहेर काढा असं ओरडायचं होतं, पण काचेच्या नळीला तोंड नसतं. हात वर करायचे होते, ते दोन्ही बाजूंनी कशाला तरी बांधलेले होते. मी ओढायचे, ते सुटायचे नाहीत. मग कुठून तरी ऊब पसरत यायची, सगळं विरघळायचं, आणि दुसऱ्या दिवशी तो आवाज पुन्हा मला बर्फात आणून सोडायचा.

बरी होऊन घरी आले तेव्हा हे सगळं माझ्याबरोबर घरी आलं. मी नवऱ्याला विचारत असे. बर्फ नव्हता हे मलाही कळत होतं. पण हात? तो म्हणाला, "छे. असं काही नव्हतं. स्वप्नं पडली तुला." मी पुन्हा विचारलं तेव्हा तो भांडी विसळत होता. पाठमोराच म्हणाला, "मी रोज येत होतो ना? मला दिसलं नसतं?" त्याचं बरोबर होतं. तो आणि मी कॉलेजात एकाच बाकावर बसलेले. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात हे मला तेव्हापासून माहीत आहे. पण तो पाठमोरा होता, आणि मला तेव्हा उठून चार पावलं पुढे जाऊन बघण्याची ताकद नव्हती. मी विषय सोडला. मनात मात्र एक गोष्ट सैल झाली ती झालीच. हातांवरची ओढ मला मनगटांत आठवत होती, हाडांत आठवत होती. ती खोटी असेल तर माझ्या शरीराने दिलेलं कुठलंच माप आता धरण्यासारखं नव्हतं. आणि मी त्या काळातली एकटीच साक्षीदार. ताडून पाहायला दुसरं काही नसेल तर ते माप मी कामात कधी मान्य केलेलं नाही.

हे असंच राहिलं असतं, माणसं याहून अवघड गोष्टी घेऊन जगतात. पण काही महिन्यांनी माझ्या श्वासात शिट्टी आली. आधी जिना चढताना, मग चालताना, मग बोलतानाही. डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिलं. नळी बरेच दिवस होती, तिथे श्वासनळी आतून भरून येताना आकसली होती. भूल देऊन ती रुंद करायची, फार मोठं काम नाही, पण थांबण्यासारखंही नाही, असं ते म्हणाले. तारीख दिली. मी कामाचं कारण सांगून ती पुढे ढकलली. दुसरी तारीख सर्दीचं कारण सांगून ढकलली. सर्दी खरी नव्हती. मरणाची मला तितकी भीती नाही. मला पुन्हा झोपवतील आणि मी जागी होईन ती बर्फात, ही भीती होती. हे नवऱ्याला सांगता येत नव्हतं, कारण त्याच्या हिशेबी तिथे काही झालंच नव्हतं. तो काही म्हणत नसे. रात्री मात्र मी झोपले असं समजून माझी शिट्टी ऐकत पडलेला असे, आणि मी तो झोपलाय असं समजून ती दाबायचा प्रयत्न करत असे. असं आमचं चाललेलं.

दुकानात आता ती शिट्टी सुरू झाली होती. भीतीने श्वास भरभर होतो आणि अरुंद नळीत भरभर श्वास वाजतो, इतकं साधं आहे. मी तोंडावर रुमाल धरला. हिरव्या रंगातलं बोलणं थांबलं. मग तो रंग माझ्या दिशेने मोठा होत आला.

"काकू, दम लागतोय का तुम्हाला?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

"बसा. पाठ टेकवू नका, थोडं पुढे वाका. हात मांडीवर. मी खांद्याला हात लावते हं." आणि मग हात लागला. "नाकाने घ्या, ओठ चिमटून सोडा. घाई नाही. कधीपासून आहे हा आवाज?"

मी सांगितलं. श्वासनळीचं, तारखांचं, सर्दीचंसुद्धा. चेहरा दिसत नसला की माणूस बरंच बोलतो. मग म्हणाले, "तुम्ही आयसीयूत असता."

हात खांद्यावर तसाच राहिला. "हो. तुमचं कुणी होतं का आमच्याकडे?"

"मीच होते. तुम्ही मला रोज सकाळी उठवायचात."

तिने वाकून माझ्याकडे पाहिलं. मग अगदी सरळ म्हणाली, "मी नाही ओळखलं, काकू. राग मानू नका. नळी, पट्ट्या, सूज. घरची माणसंसुद्धा दारात थबकतात, आपल्याच माणसाच्या खाटेसमोर उभं राहून विचारतात, कुठे आहेत ते."

"राग कसला. मीही तुम्हाला पाहिलेलं नाही."

"हे बरं आहे," पलीकडून बाबा म्हणाले, "दोघी एकमेकींना ओळखत नाहीत आणि गप्पा मारताहेत. मला इथे लोखंडाचं नाक लावून बसवलंय."

"बाबा, खालची ओळ वाचा," चष्मेवाला म्हणाला.

"खाली ओळ आहे?"

तेल मुरलं असावं, कारण चष्मेवाल्याने त्यांना तसंच बसवून माझा चष्मा उचलला. बारीक किरकिर ऐकू आली, मग कापडाने पुसल्याचा आवाज. त्याने चष्मा माझ्या हातात दिला आणि मी तो लावला. नवं रबर नाकावर जुन्या खळग्यांत बरोबर बसलं. समोर एक बाई आकारात आली. पस्तिशीची असावी. डोळे मी ओळखले, डाव्या भुवईतला आडवा व्रणही ओळखला, कुठून ते मात्र लगेच कळलं नाही. खालचा अर्धा चेहरा कुणा वेगळ्याच बाईचा होता. रुंद, थट्टेखोर तोंड आणि पुढच्या दातांत फट. माझ्या मनात मास्कखाली एक कडक, पातळ ओठांची बाई होती. ती कुठे गेली कोण जाणे. पण बदल तिच्याही चेहऱ्यात झाला होता. ती माझ्याकडे नाही, माझ्या नाकाकडे पाहत होती.

"अगंबाई. तुम्ही चष्म्याच्या काकू."

मग ती शेजारच्या स्टुलावर बसली आणि सांगू लागली. मला उठवायला सुरुवात केली ते दिवस तिला चांगले आठवत होते. गुंगीचं औषध पंपातून थेंबाथेंबाने जातं. ते कमी पडलं तर पेशंट नळी उपटतो, यंत्राशी झगडतो. जास्त झालं तर ते अंगात साठत जातं, रक्तदाब पडतो, फुप्फुसं आळशी होतात आणि मेंदू जागेवर आहे की नाही तेही कळत नाही. म्हणून सकाळी डॉक्टरांशी बोलून औषध उतरवायचं, पेशंटला वर येऊ द्यायचं, आणि तो वर येताना त्याच्या शेजारून हलायचं नाही. "जाग मोजायची आमची एक पट्टी असते, काकू. उणे पाच म्हणजे हलवलं तरी दाद नाही. शून्य म्हणजे जागा आणि शांत. वर अधिक चार म्हणजे मारायला उठलेला."

"मी किती होते?"

"अधिक तीन. रोज. मी घाबरायचे तुम्हाला." ती हसली, ती फट दिसली. "शून्यावर आणायचा आमचा प्रयत्न असतो. तसं शून्यावर तर आत्ता या दुकानातही कुणी नाही."

ही पट्टी मला माहीत नव्हती. आजारपणानंतर मी बरंच वाचलं होतं, पण मी कामात शोधते तसंच कुणी माझं शून्य शोधत होतं, हे मनात आलं नव्हतं. त्या पुसट, उंच माणसांनी वाकून मला वाचलं, ही आठवण म्हणजे तशी बरोबरच होती.

"मग तुम्ही एवढे हातपाय मारायचात की पुन्हा औषध वाढवावं लागायचं. मीसुद्धा गोंधळलेली पेशंट असंच धरलं होतं. खोटं कशाला सांगू, मला लगेच नाही सुचलं. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर आणखी काही दिवस खोल झोपवून ठेवू. त्यांनाही ते नको होतं. त्या दिवशी मी तुमचा चेहरा पुसत होते, ओल्या कापडाने. नाकाच्या एका बाजूला बोट खळग्यात गेलं. म्हटलं, हा व्रण कसला? दुसऱ्या बाजूला पण तसाच. मग कळलं. एवढे खोल खळगे म्हणजे जन्माचा चष्मा. म्हणजे रोज आम्ही तुम्हाला जागं करतोय आणि तुम्हाला काही दिसतच नाहीये. फक्त भुतं दिसताहेत, आणि ती हात लावताहेत."

 मी ओठ चिमटून श्वास सोडला.

"तुमचे मिस्टर भेटायला आले, त्यांना विचारलं, चष्मा कुठे आहे? म्हणाले, सुरक्षित आहे. किमती वस्तू घरी न्या असं आम्हीच सांगतो ना. चष्मा रुमालात, रुमाल डबीत, डबी कपाटात, कपाटाला कुलूप. धावत गेले बिचारे. आणि घरी पोचल्यावर बघतात तर कपाटाची किल्ली इकडे, तुमच्या खाटेखालच्या पिशवीत. परत आले, घामाघूम. किल्ली घेतली, परत गेले. दारातला वॉचमन मला विचारतो, सिस्टर, या साहेबांना कुणी पाठवतंय का असं सारखं?"

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला धावताना पाहिलंय ते कॉलेजात, आणि तेही शर्यतीत शेवटून दुसरा येताना. तो जिन्याने उतरतोय, रस्ता ओलांडतोय, कुलपापुढे उभा राहून सगळे खिसे चाचपतोय, हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी हसले. हसताना शिट्टी वाजली.

"नळीची पट्टी गालांवरून जाते, काड्या कानामागे बसेनात. मग मी गॉजची नाडी करून चष्मा मागे बांधला. लहान मुलांना बांधतात तसा. औषध उतरवलं आणि वाट पाहत बसले."

ते मला आठवत होतं. तेही स्वप्नच मानून मी बाजूला टाकलं होतं, कारण बाकीच्यांत ते बसत नव्हतं. त्या सगळ्या काळात एकदाच जगाला कडा आल्या होत्या. एक घड्याळ, गोल, त्यावर काटे. एक खिडकी, तिच्या चौकटीचा रंग एका कोपऱ्यात उडालेला. आणि अगदी जवळ दोन डोळे, डाव्या भुवईत आडवी रेघ. बर्फ नव्हता. बर्फ कुठे गेला म्हणून मी पाहत होते, आणि ते डोळे म्हणाले होते, आता दिसतंय ना? मग हात दाबा. मी दाबला. त्यानंतर मी फार वेळ त्या खिडकीच्या उडालेल्या रंगाकडे पाहत राहिले. त्याच्याइतकं सुंदर काही मी अजून पाहिलेलं नाही.

मला एक विचारायचं होतं. ते विचारताना मी चष्मा नीट सारखा केला, तो नीटच होता तरी.

"माझे हात बांधले होते का?"

तिने डोळे चुकवले नाहीत. "हो. मऊ पट्ट्या असतात. तुम्ही एकदा नळीपर्यंत हात नेला होता, ती निघाली असती तर फार वाईट झालं असतं. मीच बांधले होते, घरच्यांना सांगून. अधूनमधून सोडून मनगटं चोळायचो. आता सोडते, आता चोळते, असं सांगत सांगत. चष्मा लावला त्या दिवशी दुपारी सोडले, आणि मग बांधावे लागले नाहीत." मग ती म्हणाली, "मला नाही आवडत ते. कुणालाच आवडत नाही."

मला वाटलं होतं, हे ऐकून मी कोसळेन. झालं भलतंच. कित्येक महिने ताणून धरलेली एक शीर मानेत सैल झाली. हात बांधलेले होते. मनगटांनी मला खरं सांगितलं होतं. माझ्यातला पारा फुटला नव्हता. तो वाचायला जवळ माणूस नव्हता, इतकंच. आणि जिने ते हात बांधले, तिनेच ते कधी सोडता येतील म्हणून माझ्या नाकाचे खळगे चाचपले. मी माझ्या मनगटांकडे पाहिलं. त्यांच्यावर काही नव्हतं.

"आणि वेण्या?" मी विचारलं. "नळी निघाली तेव्हा माझ्या दोन वेण्या घातलेल्या होत्या. शाळेतल्या मुलीसारख्या. कुणी घातल्या?"

तिने आठवून पाहिलं. "मी नाही. मला वेणी येत नाही धड. दुसऱ्या कुणीतरी घातल्या असतील, केस गुंतू नयेत म्हणून. कोण ते नाही सांगता येणार."

म्हणजे आणखी एक हात होता, ज्याला आवाजही नव्हता. आणि त्याच्यामागे आणखी किती असतील. कूस बदलणारे, डोळ्यांत थेंब घालणारे, पंपाचा आकडा किंचित खाली आणून माझ्या कपाळाच्या आठ्या मोजणारे. माझ्याविषयीचं इतकं ज्ञान किती माणसांकडे विखुरलेलं होतं, आणि मी स्वतःला एकटी साक्षीदार समजत होते.

"तारीख घ्या, काकू," ती म्हणाली. "ही भूल थोड्या वेळाची असते, तेव्हासारखी नाही. पण आधी सांगा त्यांना. मागच्या वेळी काय झालं ते सांगा, नंबर सांगा. उठवतील तिथे चष्मा हवा म्हणून सांगा. ऐकतात. एकाने नाही ऐकलं तर दुसऱ्याला सांगायचं."

मला तिचे आभार मानायचे होते. मी मनात दोन वाक्यं जुळवली आणि दोन्ही भाषणाच्या सुरुवातीसारखी वाटली. मग नुसताच हात पुढे केला. तिने तो घेतला आणि सवयीने म्हणाली, "दाबा."

मी दाबला.

"छान," ती म्हणाली, आणि मग काय बोललो ते कळून आम्ही दोघी हसलो. बाबा लोखंडी फ्रेमच्या दोन गोल भिंगांतून आमच्याकडे मोठ्या डोळ्यांनी पाहत होते. "दिसलं," ते चष्मेवाल्याला म्हणाले. "हे भिंग बरंय. हिचे दात दिसले."

नवरा कोपऱ्यावर उभा होता. हल्ली तो रोज तिथे येतो आणि सहज आलो असं दाखवतो. आम्ही माझ्या चालीने निघालो. पुढच्या दिव्यापाशी मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "कपाटाची किल्ली पिशवीत राहिली होती म्हणे."

तो थांबला. त्याचे कान मला आता नीट दिसत होते.

"कुणी सांगितलं?"

"तिथली सिस्टर भेटली होती. हातांचंही सांगितलं."

 "मला ते बघवलं नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं, मी नाही म्हटलं तर तू विसरशील. आणि मग मीपण."

"मला वाटलं होतं, माझं डोकं गेलंय."

"हे माझ्या डोक्यात आलं नाही," तो म्हणाला. ते खरं होतं. मग पाच-दहा पावलं गेल्यावर त्याने नेहमीसारखं, सहज विचारल्याचं दाखवत विचारलं, "सर्दी कशी आहे?"

"गेली," मी म्हटलं. "उद्या फोन करून तारीख घे. आणि त्या दिवशी चष्मा तुझ्या खिशात राहील. रुमाल नाही, डबी नाही, घरी तर नाहीच."

ऑपरेशनच्या सकाळी मी भेटेल त्याला सगळं सांगितलं. माझा नंबर, मागची गुंगी, बांधलेले हात, चष्मा. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि उठवण्याच्या खोलीतल्या सिस्टरला बोलावून माझ्यासमोर पुन्हा सांगितलं. त्या सिस्टरने नवऱ्याला विचारलं, "तुमच्याजवळ राहील ना? मी आत बोलावलं की लगेच यायचं." तो म्हणाला, "मी इथून हलत नाही." दारापाशी मी चष्मा काढून त्याच्या हातात दिला. जग पुन्हा रंगांचं झालं. चाकं फिरली, खाट आत जायला लागली. मी मान वळवून मागे पाहिलं. दाराच्या उजेडात एक उभा राखाडी डाग होता, त्याला चेहरा नव्हता. पण छातीवर खिशाच्या जागी त्याच डागाचा एक गडद तुकडा घट्ट दाबलेला होता, आणि तो त्याचा हात आहे हे वाचायला मला कसलीही काच लागली नाही.

आत दिवे पांढरे होते. वर पुसट, उंच माणसं वाकली. त्यांतल्या एकीने माझं मनगट हातात घेतलं आणि कापसाने पुसायच्या आधी थांबली. आवाज अनोळखी, तरुण, थोडा घाईतला.

"थोडं गार लागेल हं."

"लागू दे," मी म्हटलं.